पगार घेऊन समाजसेवा? (लेकीच्या एमएसडब्ल्यूबद्दल)

भांडुपकर_आई | ९ जून, दुपारी २:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, इकडे पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

लेक यंदा बीए झाली. एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश मिळालाय, कॉलेज मुंबईतच आहे. आमची दोघांची काही हरकत नाही. पण रविवारी दीर-जाऊ जेवायला आले होते आणि आमरस वाढेपर्यंत गाडी तिच्यावर आलीच. दीर म्हणाले, "समाजसेवेला डिग्री? गाडगेबाबांनी कुठे एमएसडब्ल्यू केलं होतं?" जाऊबाई म्हणाल्या, "आणि सेवेचा पगार घ्यायचा?" लेक चिडली नाही, हे विशेष. पेपरच्या कडेला तिने एकात एक तीन वर्तुळं काढली. मधे माणूस, त्याच्याभोवती घर, शेजार, कामाची जागा, आणि त्याबाहेर दवाखाना, कायदा, सरकार. म्हणाली, "काका, आम्हाला जनरलिस्ट प्रॅक्टिस शिकवणार आहेत. तिन्ही वर्तुळांत वावरता आलं पाहिजे." दीर म्हणाले, "म्हणजे सगळ्यातलं थोडं थोडं आणि कशातलंच धड नाही." सगळे हसले. मीही हसले, त्याचं आता वाईट वाटतंय.

कारण खरं सांगायचं तर मलाही कळलेलं नाही. डॉक्टर तपासतो, वकील भांडतो, मास्तर शिकवतो. ही बाई सकाळी दहाला कामावर जाऊन संध्याकाळी सहापर्यंत नेमकं काय करते? कुणी या क्षेत्रात असेल किंवा कुणाचा कधी संबंध आला असेल, तर सांगाल का?

चहाबाज | दुपारी २:३१

सोप्पंय. नाक्यावर फ्लेक्स लावायचा. 'धडाडीचे समाजसेवक', पांढरा शर्ट, गॉगल, कानाला मोबाईल, खाली बारा शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज फोटो. डिग्री लागत नाही, फ्लेक्सवाला ओळखीचा लागतो. हलके घ्या.

हिशेबनीस | दुपारी ३:०५

ताई, राग मानू नका, पण मी दिरांच्या बाजूने. मी काही न्यासांचं ऑडिट करतो. पगार, प्रवासखर्च, कार्यशाळा, कार्यशाळेचा बॅनर, बॅनरचं दुसरं बिल. गरिबापर्यंत काय पोचतं ते शेवटच्या ओळीत शोधावं लागतं. आणि समुपदेशन म्हणाल तर ते आमच्या चाळीत आज्या फुकट करायच्या. कुणाची सून रडत आली की चहा टाकायचा, दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं, मग मुलाला बोलावून झापायचं. विषय संपला.

माहीमची_खाडी | दुपारी ३:११

आणि त्या सुनेने आजीला सांगितलेलं संध्याकाळच्या नळापर्यंत तिन्ही मजल्यांना पाठ झालेलं असायचं :)

निवृत्त_परळकर | संध्याकाळी ५:४८

माहीमची_खाडी, आम्हाला गोपनीयता शिकवायला एक अख्खं सत्र घेतलं होतं. तुम्ही एका ओळीत आटपलंत.

भांडुपकर, मी तीसेक वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात काढली. पदाचं नाव समाज विकास अधिकारी. रुग्णांच्या तोंडी 'सोशलवाल्या बाई', आणि काही डॉक्टरांच्या तोंडी 'त्या पैशाचं बघतात त्या'. दिवसभर काय करायचो विचारता, तर एकच माणूस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे इकडचे तिकडे केलेत.

२००५ च्या सुमाराची गोष्ट. वॉर्डातून कागद आला. टीबी, औषध दोनदा अर्ध्यावर सोडलेलं, शेरा 'पेशंटला समजवा'. चाळिशीचा माणूस, भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या पाट्या वाहायचा. समोर बसला तेव्हा मनगटाला दोन खवले चिकटलेले होते, वाळून चकचकीत झालेले. त्याला डॉक्टरांनी समजवलं होतं, सिस्टरांनी समजवलं होतं, आणि प्रत्येकापुढे त्याने मान डोलावली होती. मी समजवलंच नाही. म्हटलं, काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलंत ते सांगा.

रात्री अडीचला घर सोडायचा. दहा-साडेदहाला काम संपायचं, पण मुकादम हिशेब करेपर्यंत हलायचं नाही, हललं की रोजी बुडाली. घरी पोचायला दीड. तेव्हा टीबीच्या गोळ्या आठवड्यातून तीन दिवस, केंद्रावर जाऊन कर्मचाऱ्यासमोर घ्यायच्या असत. त्याच्या घराजवळचं केंद्र एकला बंद. म्हणजे कागदावर 'औषध सोडलं', आणि खरं तर माणूस दारापर्यंत पोचतच नव्हता. वर मुकादमाला खोकला कळला तर काढून टाकील, म्हणून सुट्टी मागायची सोय नाही.

तेव्हाच्या सरकारी टीबी कार्यक्रमात केंद्राबाहेरच्या विश्वासातल्या माणसाच्या हाती गोळ्यांचा डबा देता येत असे. मी त्यालाच विचारलं, रोज भेटतं असं कोण? बराच वेळ पंख्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "धक्क्याबाहेर चहावाल्या मावशी आहेत. त्या उधारी लिहितात, पण कुणाला सांगत नाहीत." बघा, त्याने निकष किती अचूक लावला!

मग त्याची परवानगी घेऊन मावशींना भेटले. त्यांना गोळ्यांचं पान कसं वाचायचं ते शिकवलं, चुकली तर काय करायचं ते सांगितलं. 'टपरीवर सरकारी औषध?' म्हणून एक अधिकारी अडून बसले, त्यांच्याशी दोन पत्रं आणि एक भांडण झालं. घरची पोरं तपासायला आणवली. बायकोचं नाव रेशनकार्डावर नव्हतं, तिची गाठ रेशनिंग ऑफिसशी घालून दिली. औषध पूर्ण झालं.

आता तुमच्या दिरांना सांगा. ऐकून घेतलं ते समुपदेशकाचं काम, मावशींना शिकवलं ते शिक्षकाचं, साहेबांशी भांडले ती वकिली, आणि रेशनिंगवाल्यांशी गाठ घालून दिली ती दलाली. हसू नका, आमच्या पुस्तकात शब्द 'ब्रोकर' असाच आहे. यातलं नुसतं एक करून तो माणूस बरा झाला नसता. आणि यातलं काय कधी करायचं हे त्याच्या अडीच ते दीडमधून कळलं.

दादर_पूर्व | संध्याकाळी ६:०२

__/\__ परळकर मावशी. "उधारी लिहितात पण कुणाला सांगत नाहीत" हे वाचून थांबलोच.

पायाचा_दगड | संध्याकाळी ६:४०

थोडक्यात फॅमिली डॉक्टर. तो हार्टचं ऑपरेशन करत नाही, पण छातीत दुखतंय ते हार्टचं की कालच्या मिसळीचं, हे आधी त्यालाच कळावं लागतं. त्याला कुणी 'कशातलंच धड नाही' म्हणत नाही.

चहाबाज | संध्याकाळी ६:४४

आमच्या फॅमिली डॉक्टरला म्हणतात.

हिशेबनीस | रात्री ८:१५

परळकर बाई, केस मनापासून आवडली. पण मी आकड्यांचा माणूस. तुमचे एका माणसामागे किती तास गेले? आणि शेवटी मुकादम तसाच राहिला, केंद्र एकलाच बंद होत राहिलं. पुढच्या पाटीवाल्याचं काय? आजी एका सुनेचं भांडण मिटवायची, तुम्ही एका पाटीवाल्याचं मिटवलंत. फरक काय?

निवृत्त_परळकर | रात्री ९:३०

बरोबर जागी बोट ठेवलंत. फरक वहीचा. आजी लिहून ठेवत नव्हती. आम्ही वर्षभर 'औषध सोडलेल्या' प्रत्येकाच्या कामाची वेळ लिहून ठेवली. धक्का, रात्रपाळीचे वॉचमन, हॉटेलातली पोरं, तेच तेच पुन्हा येत होतं. ती वही घेऊन बैठकीला गेलो. तीन बैठकांनंतर एका केंद्राची वेळ संध्याकाळची झाली. एकाच. मुकादमाचं मला काही करता आलं नाही.

इतिहासवेडा | रात्री ११:२०

'ही फॅडं अमेरिकेतून आली' असं कुणी म्हणायच्या आत लिहून टाकतो. अर्धं खरं आहे. जेन अ‍ॅडम्सनी १८८९ मधे शिकागोत हल हाऊस काढलं, वस्तीत जाऊन राहायचं आणि काम करायचं. मेरी रिचमंडनी १९१७ मधे एकेका माणसाची परिस्थिती पद्धतशीर कशी तपासायची यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्या दोन वाटा पुढे एकत्र आणायची धडपड म्हणजेच ही जनरलिस्ट भानगड. एक वाट म्हणते माणसाकडे बघा, दुसरी म्हणते गल्लीकडे बघा. परळकरांची वही ही दोन्हींची बेरीज.

पण मुंबई रिकामी नव्हती. ना. म. जोशींनी १९११ मधे इथे सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने. आणि १९२० मधे आयटक उभी करणाऱ्यांत हेच जोशी होते. म्हणजे सेवा करता करता माणूस कामगार संघटनेपर्यंत पोचला, हा प्रवास मला फार बोलका वाटतो. त्याआधी पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मधे बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे येणाऱ्या बाईला नाव-गाव विचारलं जात नसे. गोपनीयता आपल्याकडे तेव्हापासून आहे, फक्त तिला तास घेऊन शिकवत नव्हते.

शिकवायला लागले ते १९३६ मधे. नागपाड्याला. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी तिथे नागपाडा नेबरहूड हाऊस चालवत, त्यांच्याच पुढाकाराने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. भारतातलं पहिलं. तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झालं आणि १९५४ मधे देवनारला गेलं. मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन १९५५ चं. रुग्णालयातली पहिली समाजकार्यकर्ती १९४६ ला जेजेमधे नेमली गेली. तेव्हा परळकर मावशींची खुर्ची बरीच जुनी आहे.

अवांतर: नागपाड्याला गेलात तर...

चहाबाज | रात्री ११:२४

...तर सारवीचे कबाब. पुढे बोला.

इतिहासवेडा | रात्री ११:२६

माझं वाक्य पूर्ण करायचं नाही.

गोवंडी४३ | १० जून, सकाळी ७:५५

मी तिसऱ्या वर्तुळातून बोलतोय, की दुसऱ्या, माहीत नाही. गोवंडीच्या शिवाजीनगरचा आहे. आमच्या गल्लीत जुलैमधे पोरं येतात. हातात वही, गळ्यात आयकार्ड. आठवड्यातून दोन दिवस. घरात किती माणसं, कमावतं कोण, संडास कुठला, पाणी किती वाजता. माझ्या आईने ही उत्तरं इतक्यांदा दिलीत की ती आता प्रश्नाच्या आधी उत्तर देते. मग एखाद्या ताईचा आम्हाला लळा लागतो. बालवाडीत गाणी म्हणते, बायकांची मीटिंग घेते, अर्ज भरून देते. मार्च आला की गायब. पुढच्या जुलैला नवीन ताई, नवीन वही, 'घरात किती माणसं?'

माझ्या बहिणीला एकीने शिवणाच्या क्लासचं सांगितलं होतं. बहीण दोन महिने विचारत होती, ताई कधी येणार. ताईची परीक्षा होती. पास झाली असेल.

तर तुमच्या मुलीने जरूर शिकावं. फक्त आम्ही तिचा सिलॅबस नाही.

पायाचा_दगड | सकाळी ८:२०

+१. लागलं.

फील्डवर्क_चालू | सकाळी ९:४१

गोवंडी४३, मी त्या आयकार्डवाल्यांपैकीच एक. दुसऱ्या वर्षाला आहे, वस्ती तुमची नाही पण गोष्ट तीच. उत्तर नाही माझ्याकडे, फक्त काय चुकतं ते सांगते. आम्हाला शिकवतात की पहिल्या भेटीपासून निरोपाची तयारी करायची. मी किती दिवस आहे, काय करू शकते, काय नाही, माझ्यामागे कोण बघेल, हे आधीच सांगायचं. पेपरात 'टर्मिनेशन'वर दहा मार्कांचं उत्तर लिहितो आणि वस्तीत शेवटच्या दिवशी वेफर्स वाटून पळतो. लळा लागलेला असतो ना, सांगवत नाही. पण ते आपल्याला अवघड वाटतं म्हणून टाळलेलं असतं, समोरच्यासाठी नाही.

गेल्या वर्षी माझ्या सुपरवायझरने मला जानेवारीत परत वस्तीत पाठवलं. म्हणाली, घराघरात जाऊन सांग की मार्चनंतर तू नाहीस, आणि अर्धे राहिलेले अर्ज कुणाकडे दिलेत ते नावासकट सांग. सतरा घरं होती. एका आजींनी दारच लावून घेतलं. मी बाहेर उभी राहून दाराशीच बोलले.

गोवंडी४३ | सकाळी १०:०५

हे बरं केलंत. वेफर्स कुठले होते?

फील्डवर्क_चालू | सकाळी १०:०७

केळ्याचे. तिखट.

माहीमची_खाडी | सकाळी ११:१५

माझा एक भाबडा प्रश्न. समोरच्याला म्हणायचं काय? डॉक्टरचा पेशंट, वकिलाचा अशील, दुकानदाराचं गिऱ्हाईक. तुमचं?

निवृत्त_परळकर | सकाळी ११:५०

छान भांडणाचा मुद्दा काढलात. आमच्या वेळी क्लायंट. मराठी पुस्तकात सेवार्थी, तो शब्द परीक्षेबाहेर कुणी उच्चारला नाही. सरकारी कागदावर लाभार्थी, म्हणजे जणू लॉटरी लागली. मी आडनाव वापरायची, पुढे श्री. किंवा श्रीमती लावून. वॉर्डात 'खाट नंबर १४' असलेल्या माणसाला कुणी 'श्री. अमुक' म्हटलं की तो उठून बसायचा. त्याला पैसे लागत नाहीत.

वडाळा_लोकल | दुपारी १२:३०

पगाराचा प्रश्न राहिलाच, म्हणून दुसरा प्रश्न विचारते. पेढे घ्यायचे की नाही? मी एका आश्रयगृहात कामाला आहे. आमच्याकडे लेखी नियम आहे, काही घ्यायचं नाही. पण एका कोळीणबाईच्या मुलीचं प्रकरण मार्गी लागलं आणि ती पिशवीतून बोंबील घेऊन आली. ओले. ऑफिसात. पिशवी गळत होती. नियम दाखवला तर ती म्हणाली, "नियम गेला चुलीत, मासळी खराब होईल."

चहाबाज | दुपारी १२:३२

मग? बोंबलांचं काय झालं? महत्त्वाचं सोडून देऊ नका.

वडाळा_लोकल | दुपारी १२:५०

आश्रयगृहाच्या स्वयंपाकघरात दिले, वहीत 'देणगी, बोंबील, सुमारे दोन किलो' अशी नोंद केली, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून खाल्ले. ऑडिटरने ती ओळ वाचून चष्मा काढला होता.

हिशेबनीस | दुपारी १२:५८

आमच्यातला कुणी असणार. घसारा कसा लावला?

शाळेतली_ताई | दुपारी २:२५

गोपनीयतेवर हसून झालं, आता थोडं गंभीर. मी महापालिकेच्या शाळांमधे काम केलंय. मुलं दार ढकलून आत येतात आणि पहिलं वाक्य असतं, "बाई, कुणाला सांगणार नाही ना?" नवीन असताना मी पटकन म्हणायची, नाही सांगणार. एकदा त्यावरून तोंडघशी पडले. नववीतल्या मुलीने जे सांगितलं ते कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं, आणि मी नुकताच शब्द दिलेला. कळवलं. नंतर ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. जे झालं त्याला माझा इलाज नव्हता, पण तो शब्द द्यायला नको होता, ती चूक माझी.

तेव्हापासून दारातच सांगते: तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण तुला कुणी इजा करत असेल किंवा तूच स्वतःला करणार असशील, तर मला एकटीला ते सांभाळता येणार नाही, आणि तेव्हा कुणाला सांगायचं ते तुला आधी कळेल. काही मुलं परत जातात. बरीचशी दोन दिवसांनी येतात.

काळाकोट | दुपारी ३:१०

ताई म्हणतात तो पोक्सो कायदा, २०१२ चा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक, समाजकार्यवाल्यांनाच नव्हे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. शेजाऱ्यालाही लागू. हे लोकांना माहीतच नसतं.

आणि हिशेबनीस, डिग्री कशाला याचं एक उत्तर: बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांसोबत दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यात किमान एक बाई असावी लागते. मुलाने चोरी केली हे पोलिस सांगतो. घरी काय चाललंय, शाळा का सुटली, तो परत घरी गेला तर काय होईल, हे सामाजिक तपासणी अहवालातून कळतं. मी काही चांगले अहवाल वाचलेत. काही 'घरची परिस्थिती हलाखीची, मुलगा वाईट संगतीत' एवढेच. हे वाक्य कॉपी-पेस्ट केलं की एक पोरगं आत जातं.

दादर_पूर्व | संध्याकाळी ४:४५

काल नुसता नमस्कार करून गेलो होतो, आता लिहितो. काही वर्षांपूर्वी वडिलांचं बायपास ठरलं. मोठं ट्रस्टचं रुग्णालय, नाव नको. काउंटरवर अंदाजपत्रक दिलं, तो आकडा बघून आईने पदर तोंडाला लावला. मी त्या वेळी कुरिअरमधे होतो. मित्राला फोन, मामाला फोन, गावची जमीन, सगळं मनात फिरून झालं. कुणीही एक शब्द बोललं नाही की दुसरा काही रस्ता आहे.

तिसऱ्या दिवशी जिन्याखालच्या खोलीत एक बाई भेटल्या, कारण मी दुसरंच काही विचारायला गेलो होतो. त्यांनी आधी खुर्ची दिली. मग विचारलं, रेशनकार्ड कुठल्या रंगाचं? केशरी. उत्पन्नाचा दाखला? नाही. एका कोऱ्या कागदावर त्यांनी क्रमाने लिहून दिलं, कुठल्या कार्यालयात, कुठली खिडकी, काय म्हणायचं. खाली लिहिलं '४१ एए', आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. म्हणाल्या, "खिडकीवर नाही म्हणाले तर हे शब्द उच्चारा. मी फोन केला तर तुमचं काम होईल, पण पुढच्या वेळी तुम्हाला मीच लागेन. तुम्ही बोललात तर नाही लागणार." मला तेव्हा राग आला होता. वाटलं, फोन करायला काय जातं हिचं! पुढे चुलतभावाच्या वेळी मीच जाऊन ते शब्द उच्चारले.

काळाकोट | संध्याकाळी ५:०५

महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५०, कलम ४१ एए. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. उच्च न्यायालयाने २००६ मधे त्याची योजना घालून दिली, बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची, वगैरे. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्यावी. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे, तिचे आरोग्यमित्र रुग्णालयातच बसतात.

हिशेबनीस | संध्याकाळी ५:४०

मी अशा एका रुग्णालयाच्या त्या निधीचा ताळेबंद पाहिलाय. शिल्लक भरपूर असते. खर्च का होत नाही ते आज कळलं. लोकांना शब्दच माहीत नाही.

पोलिसठाण्यातली | रात्री ८:५०

आजीच्या मुद्द्यावर येते, तो हलका नाही. मी महिला व बालकांच्या विशेष कक्षात काही वर्षं होते. १९८४ मधे मुंबई पोलिस आयुक्तालयात टाटा संस्थेने तो सुरू केला, पोलिसठाण्यातच बसायचं पण पोलिस नसायचं. येणाऱ्या बाईला वाटतं ही साडीतली पोलीस, हवालदाराला वाटतं ही बायकांची वकील, नवऱ्याला वाटतं ही घर मोडणारी. तिघांनाही रोज नव्याने सांगायचं, मी कोण ते.

आजी नवऱ्याला झापून सुनेला परत पाठवायची, कारण आजीने ठरवलेलं असायचं की घर टिकलं पाहिजे. मला ठरवायचा अधिकार नाही. एक बाई चार वेळा आली, चारही वेळा अंगावर वळ. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा, संरक्षण अधिकारी, आश्रयगृह, सगळं तिला सांगितलं. प्रत्येक वेळी ती ऐकायची, चहा प्यायची आणि परत जायची. माझ्या हातात असतं तर मी तिला खुर्चीला बांधून ठेवलं असतं. पण ती एवढंच म्हणायची, "दहावीची परीक्षा होऊ दे मुलाची." मला ते बहाणा वाटायचं. पाचव्या वेळी ती जूनमधे आली, हातात मुलाची मार्कशीट आणि घरभाड्याचं ठरवून. तिने तारीख कधीच ठरवली होती, मला ऐकू आली नव्हती. दरम्यानच्या काळात आम्ही एवढंच केलं होतं की तिच्याकडे आमचा नंबर तोंडपाठ होता आणि शेजारच्या बाईकडे कागदपत्रांची एक पिशवी.

त्या चार वेळांत तिला काही झालं असतं तर? हा प्रश्न मी अजून विचारते. पाठ्यपुस्तकात त्याला स्वयंनिर्णय म्हणतात.

माहीमची_खाडी | रात्री ९:१०

वाचून चहा गार झाला.

भांडुपकर_आई | रात्री १०:३५

सगळ्यांचे आभार. दोन दिवस कामं टाकून वाचतेय. लेकीलाही दाखवलं. गोवंडी४३ यांचं तिने तीनदा वाचलं आणि काही बोलली नाही. वर्तुळं मात्र तिने आज पुन्हा काढून दाखवली, मधे पाटीवाला, बाहेर चहावाल्या मावशी, मुकादम, त्याबाहेर एकला बंद होणारं केंद्र. आता मला कळलं. दिरांना धाग्याची लिंक पाठवलीय. निळी खूण आलीय, उत्तर नाही.

पगाराचं कुणीच बोलला नाहीत पण. मी आई आहे, विचारणारच.

वडाळा_लोकल | रात्री १०:५२

मुद्दाम टाळत होतो सगळे :) संस्थेत सुरुवातीला कमी, आणि बरेचदा प्रकल्पाबरोबर नोकरीही संपते. माझी पहिली ११ हजारांची होती, त्यातले ३ हजार प्रवासात. सरकारी किंवा पालिकेची जागा निघाली तर बरं, पण जागा निघायची वाट बघावी लागते. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागात जास्त मिळतं, तिथे फॉर्म जास्त आणि माणसं कमी भेटतात. सेवा म्हणून पगार कमी द्यायचा आणि काम मात्र व्यावसायिक मागायचं, ही या क्षेत्राची जुनी खोड. तुमच्या जाऊबाईंना सांगा, पगार मागायला आम्हीच उशीर केलाय.

निवृत्त_परळकर | रात्री ११:०५

सहमत. आणि मानसिक स्वास्थ्यही सांभाळायचं. मी पहिली दोन वर्षं रोज लोकलमधे रडत घरी जायची, समोरच्या बाया उठून खिडकी द्यायच्या. वरिष्ठांबरोबर आठवड्याला बसून बोलायची सोय आहे का, हे नोकरी घेताना पगाराइतकंच विचारायला सांगा.

भांडुपकर_आई | ११ जून, सकाळी ८:१५

सांगते. एक शेवटचं. फील्डवर्क जुलैपासून सुरू होतंय म्हणे, ऐन पावसात. पायात काय घेऊन देऊ? गमबूट?

फील्डवर्क_चालू | सकाळी ८:२०

काकू गमबूट नको!! घराघरात काढावे लागतात, मोज्यांसकट निघतात. पट्ट्यांचे फ्लोटर्स, काळे. सलवार फिकट रंगाची नको. आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत.

गोवंडी४३ | सकाळी ८:३३

आमच्याकडे आली तर फ्लोटर्सपण उंबऱ्याच्या आत काढायला सांगा. बाहेर ठेवले तर माझी जबाबदारी नाही.